डावीकडचा हात

१

मला वाटलं होतं, बोटं कमी असतील.

कामगारांच्या सुरक्षेचं शिक्षण घ्यायला मी दूर गेले आणि ते संपताच परत आले, ती काकांच्या कारखान्यापासून सुरुवात करायची असं मनाशी पक्कं करूनच. तिकडे आमच्या विभागात एक काचेचं कपाट होतं. त्यात प्लास्टरचे हात मांडलेले होते, यंत्रात सापडलेल्या खऱ्या हातांवरून घेतलेले. कुणाची करंगळी नाही, कुणाची मधली दोन बोटं नाहीत, कुणाचा नुसता अंगठा उरलेला. ते हात वाचायला आम्हाला शिकवलं होतं. इथे पातं सरळ आलं, इथे तिरकं आलं, हा माणूस त्या वेळी दुसरीकडे बघत होता. त्या कपाटावरून जाताना मला दर वेळी काकांचा कारखाना आठवायचा आणि मी स्वतःला बजावायचे, तिथे एकाचंही बोट जाता कामा नये.

कारखाना म्हणजे एक लांबट शेड. वर पत्रे, दोन्ही बाजूंना उंचावर खिडक्या, मधोमध कामाचं लांब टेबल. दारं-खिडक्यांच्या चौकटी बनायच्या. मला ज्याची धास्ती होती ते सगळं तिथे होतं. पायात घोटाळणारी वायर होती, कुणाच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मिस्त्रींच्या सदऱ्याची बाही मनगटावर लोंबत होती. आणि भिंतीवर लटकलेल्या कटरचं संरक्षक झाकण चक्क तारेने वर बांधून टाकलेलं होतं.

मी पहिल्याच दिवशी सगळ्यांचे हात बघायला मागितले.

"भविष्य बघता का ताई?" चौकटी जोडणाऱ्याने दोन्ही पंजे पुढे केले. तो इतका उंच होता की त्याला सगळे लंबूच म्हणायचे. "लग्नाचं काही दिसतंय का तेवढं सांगा."

"तुझ्या उंचीची मुलगी अजून जन्माला यायचीय," पॉलिशवाल्या मावशी म्हणाल्या आणि त्यांनीही हात पुढे केले. त्यांची बोटं पॉलिशने तपकिरी झाली होती, पण सगळी होती. काकांची सगळी होती. उभा जन्म या शेडमध्ये काढलेल्या मिस्त्रींच्या हातावर तर साधा जुना वणसुद्धा नव्हता.

"इथे आजवर कुणाला लागलं नाही?" मी विचारलं.

"नाही बुवा," काका म्हणाले. "नशीब म्हण."

आम्हाला नशीब नावाचा विषय नव्हता. तार बांधलेलं झाकण, लोंबती बाही आणि इतकी वर्षं, यांचा हिशोब कसाही मांडला तरी त्याचं उत्तर चार धडधाकट माणसं असं येत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. फक्त त्या आनंदाखाली काहीतरी टोचत राहिलं.

२

कटर म्हणजे विजेवर चालणारी, हातात धरायची गोल करवत. खाली सपाट पट्टी आणि तिच्यातून बाहेर आलेलं ताटलीएवढं दातेरी पातं. त्या पात्यावर स्प्रिंगचं झाकण असतं. लाकडाला टेकलं की ते मागे सरकतं, लाकूड संपलं की पुन्हा पातं झाकून घेतं. "सारखं मध्ये येतं" म्हणून काकांनी ते बांधून टाकलं होतं.

स्विच सोडला तरी पातं लगेच थांबत नाही. ते आपल्याच वेगात फिरत राहतं, आवाज उतरत जातो, आणि बोटं जातात ती पुष्कळदा याच वेळात. काम झालं असं माणसाला वाटलेलं असतं, पात्याला ते माहीत नसतं.

नेमकी याच बाबतीत कारखान्याला शिस्त होती. स्विच सोडला की कटर धरणारा जागचा हलायचा नाही. कटर दोन्ही हातांत तसाच धरलेला. बाकीच्यांचे हातही थांबायचे. मावशींचा पॉलिशचा बोळा दारावर टेकलेला राहायचा, लंबूचा हातोडा हवेत. पात्याचा आवाज बारीक होत होत संपायचा आणि मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "थांबलं."

मग कटर खाली ठेवला जायचा आणि कामं पुन्हा सुरू व्हायची.

मी खूश झाले. निदान एक तरी धडा शिकवावा लागणार नव्हता. म्हणणाऱ्याचा आवाज ओरडून सांगितल्यासारखा नव्हता. खेटून उभ्या असलेल्या माणसाला सांगावं, तसा. मी समजले, काका म्हणतात.

३

तार मी स्वतः पकडीने तोडली. स्प्रिंग साफ केली, झाकण मोकळं केलं. भिंतीवर एक फळा टांगला आणि ठळक अक्षरांत नियम लिहिले. पातं बदलताना आधी प्लग काढायचा. पातं फळीच्या जाडीपेक्षा जेमतेम खाली येईल एवढंच सोडायचं. कापताना पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, कारण पातं लाकडात अडकलं तर कटर अंगावर उसळतो. दोन्ही हात कटरवर.

"म्हणजे फळी कोणी धरायची?" लंबूने विचारलं. "तुमच्या फळ्याने?"

फळीचं डावीकडचं टोक तिथे कुणी ना कुणी हाताने दाबून धरायचं. ते बंद करायला फळी टेबलाला आवळून ठेवणारे क्लॅम्प हवे होते. मी सांगितलं, मागवू.

त्या सगळ्यांत जास्त गंमत झाली ती कान झाकायच्या टोपांची.

"थंडी नाही, वारा नाही, आणि कानटोप्या!" लंबू म्हणाला.

"मी तर घरीही घालून जाणार," मावशी म्हणाल्या. "सून बोलली तरी गोड वाटेल."

मिस्त्रींनी टोप चढवला आणि ते कामाला लागले. ते एकूणच कमी बोलायचे.

टोप वाटून झाल्यावर मला माझी चूक दिसली. कान झाकले तर 'थांबलं' ऐकू कसं जाणार? मी कुणीतरी तक्रार करायची वाट पाहिली. कुणीच केली नाही. कटर पूर्वीसारखाच, त्याच क्षणी खाली ठेवला जात होता.

म्हणून एका दुपारी मी स्वतः टोप घातला आणि कटर हातात घेतला. पातं फळीत शिरलं तेव्हा त्याचा आवाज पलीकडच्या गल्लीतून आल्यासारखा वाटला. टोप उत्तम होते. फळी संपली, मी स्विच सोडला, तो दूरचा आवाज विझत गेला. समोर लंबूचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू मात्र काही येत नव्हतं.

"थांबलं."

टोपाच्या आत. माझ्या डाव्या कानाशी.

मी वळून पाहिलं. डावीकडे फळीचं टोक होतं, त्यावर नुकताच उडून बसलेला भुसा, आणि भुशात उमटलेला एक तळवा. अंगठा होता. अंगठ्याशेजारची दोन बोटं होती. पुढे काही नव्हतं.

मी टोप काढला. "इथे हात कोणी ठेवला होता?"

"आम्ही इथे, तुम्ही तिथे," लंबू म्हणाला. "आमचे हात लांब आहेत ताई, पण इतके नाहीत."

कुणीतरी दोन बोटं मुडपून फळी धरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ठसे वाचायला मीच तर शिकले होते. बोटं मुडपलेली असली तर त्यांच्या पेरांची खूण उमटते. बोटं गेलेला माणूस भार तळव्याच्या मुळाशी देतो, तिथे ठसा खोल जातो. हा तिथेच खोल होता.

मी ब्रश घेतला आणि भुसा झाडून टाकला. टेबल स्वच्छ ठेवायचं, हा नियमही माझाच होता.

४

"काका, 'थांबलं' तुम्ही म्हणता ना?"

"मी कशाला? मिस्त्री म्हणतात. पहिल्यापासून."

मिस्त्री दाराच्या फळीला रंधा मारत होते. त्यांनी रंधा थांबवला नाही. "मालक म्हणतात," ते म्हणाले. "त्यांचाच कारखाना, तेच म्हणणार."

लंबूने मावशींकडे बोट दाखवलं. "अख्ख्या शेडमध्ये इतक्या मायेने दुसरं कोण बोलतंय? माझ्याशी सोडून."

मावशींना हसू आवरेना. "अगं, लंबूच तो! त्याच्या तोंडाला दार आहे का कुठे? सगळ्यांच्या दारांना बिजागऱ्या बसवतो, स्वतःचं तेवढं उघडंच."

"पण मावशी, लंबूचा आवाज कसा आणि हा कसा?"

"आता तू म्हणतेस तर..." त्यांनी बोळा पॉलिशमध्ये बुडवला. "काम करताना बरा बोलत असेल."

प्रत्येकाची खात्री होती आणि प्रत्येकाची वेगळी. मी मनात एक समजूत मांडली. पातं थांबताना शेवटी जो आवाज होतो, त्यालाच सवयीने शब्दाचा आकार येत असेल. वर्षानुवर्षं ऐकून चौघांच्या कानांत तो बसला, आणि त्यांच्यात राहून माझ्याही. समजूत चांगली होती. टोपाच्या आत तो आवाज कसा आला, एवढंच तिच्यात बसत नव्हतं.

५

मग मी एक खेळ काढला. खेळ म्हणूनच काढला, कारण खरं कारण सांगितलं असतं तर मलाच ते वेडगळ वाटलं असतं. सगळ्यांनी तोंडात पाणी धरायचं. मी फळी कापणार. कटर खाली ठेवेपर्यंत कुणी पाणी गिळायचं नाही आणि सांडायचंही नाही.

"हेही शिकवतात का तिकडे?" काकांनी विचारलं.

"शिकवतात," मी खोटंच म्हटलं.

चौघंही गाल फुगवून टेबलाभोवती उभे राहिले. लंबूचे डोळे हसू दाबून मोठे झाले होते. माझ्याही तोंडात पाणी होतं. फळी कापली, स्विच सोडला. आवाज उतरू लागला. मी एकेकाचं तोंड बघत होते. काका, मिस्त्री, मावशी, लंबू. आवाज संपला.

"थांबलं."

कुणाचेच ओठ हलले नव्हते. मी कटर खाली ठेवला.

लंबूने मावशींकडे बोट केलं, म्हणजे तुम्ही गिळलंत. मावशींनी काकांकडे. काकांनी मान हलवून मिस्त्रींकडे. मग एकेक जण दारापाशी गेला आणि त्याने बाहेर चूळ टाकली. चौघांचीही पुरेपूर. शेवटी माझी.

आम्ही दारात उभे होतो. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं. लंबू हसायला लागला, पण त्याला फार उशीर झाला होता आणि हसू अर्ध्यातच राहिलं.

"झालं ना?" मिस्त्री म्हणाले. "चला, पुढची फळी घ्या."

चौघंही टेबलाकडे परतले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना कोडं पडलेलंच नाही. ज्याने आजवर आपले हात राखले, त्याला नाव काय विचारायचं?

मला मात्र विचारायचं होतं. असल्या भरवशावर सुरक्षितता उभी करता येत नाही. एक दिवस तो आवाज आला नाही तर?

६

म्हणून मी नवा कटर आणायला लावला. त्यात ब्रेक होता. स्विच सोडला की पातं चुटकीसरशी थांबायचं. वाट बघायची गरज नाही, कुणी सांगायचीही नाही. स्विचला कुलपासारखं एक बटण होतं, ते अंगठ्याने आधी दाबल्याशिवाय कटर सुरूच व्हायचा नाही. क्लॅम्प मात्र अजून यायचे होते.

संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून तिरपं येत होतं तेव्हा काकांनी तो पहिल्यांदा चालवला. माझ्या सांगण्याप्रमाणे ते बाजूला उभे राहिले. चष्मा होता, बाह्या वर होत्या. पातं लोण्यातून जावं तसं फळीतून गेलं. चौकटीची लांब फळी होती, ती निम्म्या लांबीपर्यंतच चिरायची होती. काकांनी स्विच सोडला आणि कटर वर उचलला. झाकण पात्यावर आलं. झाकणाच्या फटीतून मला पात्याचे दाते एकेक मोजता आले असते, इतकं ते स्तब्ध होतं.

काका हलले नाहीत.

मावशींचा बोळा दारावर टेकलेला. लंबूचा हातोडा हवेत.

"काका, थांबलंय," मी म्हटलं. "दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग ठेवा की."

"कुणी म्हटलं नाही अजून."

"आता कुणी म्हणायची गरजच नाही! त्याचसाठी आणलाय ना हा!"

"हो गं," काका म्हणाले, पण कटर तसाच धरून राहिले. तो जड होता. पेलायला त्यांनी कोपरं कमरेला टेकवली. शेडमध्ये इतकी शांतता होती की पत्रा उन्हाने तडतडलेला ऐकू आला. मी त्या चार माणसांकडे पाहिलं आणि मला राग आला. इतकं शिकले, इतकं तळमळीने समजावलं, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीपेक्षा यांचा विश्वास एका आवाजावर. आज ही सवय मोडली नाही तर ती कधीच मोडणार नाही.

मी काकांच्या मागे होते. डावीकडे सरकले, आवाज खाली आणला आणि खेटून उभ्या माणसाला सांगावं तसं म्हटलं,

"थांबलं."

सगळ्यांचे खांदे सैल झाले. काकांनी डावा हात कटरवरून काढून फळीवर टेकला आणि उजव्या हाताने कटर खाली आणला.

झाकण मागे सरकलं. लाकडाला टेकायच्या आधीच, जणू त्याला वाटेत काहीतरी लागलं. कटर किंचाळला. तो फळीत घुसला आणि काकांच्या हातातून सुटल्यासारखा डावीकडे, त्यांच्या अंगठ्याच्या दिशेने धावला. भुशाचा लोट उठला. आणि मग पातं अडलं. मी लाकडात पातं अडकलेलं ऐकलं आहे, गाठीवर अडलेलं ऐकलं आहे, खिळ्यावर आपटलेलंही. हा आवाज त्यातला कुठलाच नव्हता. तो मऊ होता.

कटर बंद पडला. लोट खाली बसू लागला. काकांच्या अंगठ्यापासून नखभर अंतरावर कापाची रेघ संपली होती.

"थांबलं," कुणीतरी म्हणालं. अगदी जवळून. धाप लागल्यासारखं, दातांवर दात दाबून.

काकांनी कटर ठेवला, प्लग ओढून काढला आणि आपला हात उलटासुलटा करून पाहिला. मग माझ्याकडे वळले.

"दोनदा का म्हणालीस गं?"

"दोनदा?"

"एकदा आधी. एकदा आत्ता."

मी मिस्त्रींकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. लंबू म्हणाला, "ताईच होत्या. मी ऐकलं ना."

काकांचा अंगठा चुकून बटणावर पडला असेल. बोट स्विचवर राहिलं असेल. घाबरलेल्या माणसाचा हात आवळला जातोच. हे सगळं शक्य आहे आणि मी ते सगळं स्वतःला सांगून पाहिलं. जिथे काप संपला तिथे मी नखाने चाचपलं. गाठ नव्हती. खिळा नव्हता. पुढचं लाकूड मऊ, सरळ आणि कोरं होतं.

त्या कोऱ्या लाकडावर भुसा बसला होता आणि त्यात तळवा उमटला होता. मुळाशी खोल. अंगठा होता.

अंगठ्याशेजारी एकच बोट होतं.

या वेळी मी ब्रश घेतला नाही.

७

सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखाना उघडला. ठसा तसाच होता. उजेडात तो अगदी साधा दिसत होता, कामकरी माणसाचा रुंद हात. कपाटातला कुठलाही हात मी असा वाचला असता: हा माणूस दुसरीकडे बघत नव्हता. हा पात्याकडेच बघत होता. याने हात मुद्दाम पुढे केला.

इथे एकाचंही बोट जाता कामा नये, असं म्हणत मी आले होते. ते जात होतं. सतत जात होतं. फक्त आमच्यापैकी कुणाचं नव्हतं, म्हणून आम्ही त्याला नशीब म्हणत होतो. आणि त्यातलं कालचं माझ्या शब्दावर गेलं होतं.

नवा कटर परत करावा, असं रात्री वाटून गेलं होतं. शेडमध्ये पुन्हा पाऊलच टाकू नये, असंही. आता त्या ठशासमोर दोन्ही विचार पळपुटे वाटले. मी दोन गल्ल्या चालत गेले, लोखंडी सामानाच्या दुकानदाराला उठवून दुकान उघडायला लावलं आणि मागवलेल्यांची वाट न बघता साधे क्लॅम्प आणले. फळीच्या डाव्या टोकाला दोन घट्ट आवळले. आता तिथे धरायला कुणाच्याच हाताची गरज नव्हती. मग फळ्यावर खडूने शेवटचा नियम लिहिला. पातं थांबलेलं दिसलं तरी 'थांबलं' ऐकू आल्याशिवाय कटर ठेवायचा नाही. तो शब्द आपण म्हणायचा नाही.

चौघं आले. लंबूने फळा वाचला आणि विनोद केला नाही. काकांनी कटरकडे हात नेला.

"मी घेते," मी म्हटलं. "रोजचा पहिला काप इथून पुढे माझा."

मी चष्मा लावला, बाह्या दुमडल्या, वायर खांद्यावरून मागे घेतली. दोन्ही हात कटरवर ठेवले. अंगठा बटणाशी नेला, पण दाबला नाही. डावीकडे मान वळवली. तिकडे क्लॅम्प होते, भिंत होती, खिडकीतून येणारा उजेड होता.

"सुरू करतेय," मी म्हटलं. "हात काढून घ्या."

"कुणाला सांगतेस गं?" मावशींनी हळूच विचारलं.

मिस्त्रींनी आपलं स्टूल उचललं आणि एका माणसापुरतं अलीकडे सरकवलं.

हे मी आता रोज म्हणणार आहे, आणि म्हटल्यावर तिकडच्या माणसाला हात मागे घ्यायला पुरेल इतकी थांबणार आहे, मग कामाला कितीही उशीर होवो. मी थांबले.